टाकीची बचत आणि माणसांचे मोल

चिमूर तालुक्यातील जंगलाकाठच्या माणसाला दवाखाना, बाजार वा कचेरी गाठायची असेल, तर एस.टी. नसलेल्या वेळी जुनी जीप, व्हॅन किंवा ऑटोरिक्षा हाच आधार उरतो. अशा गाडीची इंधनटाकी गंजून गळू लागली, की नवी टाकी परवडत नाही म्हणून प्लास्टिकचा कॅन बांधून रबरी नळी जोडण्याचा मोह मालकाला होतो. गाडी धावते आणि लोक त्या ‘जुगाडा’चे कौतुक करतात. हे कौतुक घातक आहे.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. येथे तर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण अवघे दीड टक्का झाले तरी एक ठिणगी पुरते. मूळ टाकीला घट्ट झाकण, वाफेची नियंत्रित वाट आणि तापलेल्या धुराड्यापासून अंतर असते. कॅनला यांपैकी काहीच नसते. साधी रबरी नळी पेट्रोलने फुगते, मऊ पडते आणि निसटते. गळकी टाकी रिकामी करून वेल्डिंग करणे हा तर अधिकच मोठा धोका; कारण रिकाम्या टाकीत पेट्रोल नसले तरी स्फोटक वाफ असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने असे परस्पर फेरफार निषिद्ध केले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांस सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परंतु दंडाने टाकी मिळत नाही.

येथे खरा प्रश्न अर्थकारणाचा आहे. टाकीची बचत मालकाच्या खिशात पडते. तिची किंमत मात्र ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्या प्रवाशांच्या जिवावर लादली जाते. ‘स्वेच्छेने बसले’ असे त्यांच्याविषयी म्हणता येत नाही. दुसरे वाहनच नसेल, तर स्वेच्छा कसली? मालकही धनदांडगा नव्हे; हप्ते आणि पोट यांच्या कात्रीत सापडलेला तो कष्टकरीच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी त्याला गुन्हेगार ठरवून थांबू नये. योग्य टाकीसाठी पतसंस्थेकडून अल्प व्याजाचे कर्ज मिळवून द्यावे, चिमूर आगाराकडे जंगलपट्ट्यातील फेऱ्यांचा आग्रह धरावा, आणि तोवर कॅनवर चालणारी गाडी उभीच राहील हे पाहावे. एका दिवसाची बुडालेली कमाई भरून काढता येते. होरपळलेले माणूस भरून काढता येत नाही.