दुःखातून उगवलेली आशा

श्रद्धेतून लाभणारे सांत्वन म्हणजे दुःखाकडे फिरविलेली पाठ, असा जो समज आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे, तो केडगावच्या मुक्ती सदनापुढे टिकत नाही. दुष्काळात आईवडील गमावलेल्या, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींची दैना पाहताच, स्वतःची जुनी उपासमार आठवून, त्यांनी शेकडो मुलींना आश्रय दिला; त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. काल भुकेने थरथरणारे हात पुढे तेथील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवू लागले! १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरीही हिब्रू व ग्रीक मुळांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी, पुढच्या एप्रिलात देह ठेवण्याच्या सुमारापर्यंत, हातचे सोडले नाही.

ज्या देवाने स्वतः क्रूसावर वेदना सोसली तो आपल्या वेदनेतही सोबत आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा दुःख नाहीसे करीत नाही; ती दुःखिताला दुसऱ्याचे अश्रू पुसण्याचे बळ देते, आणि संकटकाळी खरी आशा तीच, असे माझे निश्चित मत आहे.