फी माफ, मेस मात्र रोख

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही माफी ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे; त्यांना याआधी निम्मीच सवलत होती. रावेर-यावलकडची मुलगी भुसावळला इंजिनिअरिंगला येऊ शकते ती अशा निर्णयांमुळे. हा निर्णय मागे घ्यावा असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही.

आक्षेप मात्र खोटे नाहीत. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे घर आणि महिन्याला साठ हजार मिळवणारे घर एकाच रांगेत बसते. मग मर्यादा खाली आणायची का? भुसावळात बसून विचार केला, की हात आखडतो. रेल्वेतल्या माणसाचा पगार कागदावर पै न पै दिसतो. शेतीचे उत्पन्न तहसीलदाराच्या दाखल्यावर अंदाजानेच येते. मर्यादा उतरवली, तर आधी बाहेर पडेल तो पगारदार, केळीचा मोठा बागायतदार नव्हे.

खरी अडचण पुढे आहे. सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उचल घेतो. कॉलेजचे प्रवेश होतात पावसाळ्यात, तोवर ती उचल बियाण्यात नाही तर जुन्या देण्यात गेलेली असते. मुलीची फी सरकार भरते, पण खोलीचे डिपॉझिट, मेसचा पहिला महिना आणि रेल्वेचा पास रोखच लागतो. त्यासाठी स्वाधार, स्वयम, आधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. प्रत्येकीचे खाते वेगळे, अटी वेगळ्या, आणि पैसे अनेकदा सत्र उलटल्यावर. तोवर घर सावकाराच्या दारात जाते.

भावाचेही पाहायला हवे. त्याच घरातला ओबीसी मुलगा निम्मी फी भरतोच. मुलींना आधी दिले हे योग्यच झाले, कारण पैसा कमी पडला की पहिले नाव तिचेच कटते. पण केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी अडीच लाखांची मर्यादा आहे. तीच मोजपट्टी धरून, तेवढ्या उत्पन्नाच्या घरांतल्या ओबीसी मुलांची उरलेली फीही राज्याने उचलावी.

तिजोरी अमर्याद नाही, म्हणून क्रम ठरवावा लागेल. माझ्या मते नवा रुपया आधी भत्त्याला जावा, आणि त्याचा पहिला हप्ता प्रवेश पक्का झाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यार्थ्याच्या खात्यात पडावा. दाखल्यांची छाननी पुढच्या हप्त्याआधी करता येते.