घरचें वाचन : मुलांच्या फळीवरील अरबस्तान

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक प्रकार घडला. तो सांगितल्यावांचून या वेळचें लेखन पुढें सरकणार नाहीं. आमचा धाकटा पुतण्या पांचव्या इयत्तेंत आहे. एके दिवशीं शाळेंतून आला तो दप्तर टाकून मुकाट्यानें माजघरांत जाऊन बसला. रात्रीं पानावर बसल्यावर मातोश्रींनीं खोदखोदून विचारलें, तेव्हां कळलें कीं, एकाच बांकावर बसणाऱ्या मित्राशीं त्याचें खेळतांना भांडण झालें आणि रागाच्या भरांत यानें त्यास ‘अफझलखान’ म्हटलें. तो मुलगा मुसलमान. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. दप्तर उचललें आणि दुसऱ्या बांकावर जाऊन बसला. तीन दिवस झाले होते, तो याच्याशीं एक शब्द बोलला नव्हता.

घरांत अर्थातच मतें पडलीं. वहिनी म्हणाल्या, मुलांचीं भांडणें मुलांनींच मिटवावीं. थोरल्या बंधूंनीं उद्यां जाऊन माफी मागण्याचा हुकूम सोडला. मातोश्रींनीं मात्र आमच्याकडे मोहरा वळविला. “अरे, त्याला दुसरा कुणी मुसलमान ठाऊक आहे का? पुस्तकांचं कपाट तुझ्याकडे ना? तूं त्याला वाचायला काय दिलंस?” दर महिन्यास या पानांतून लोकांच्या घरच्या वाचनाविषयीं चार शब्द सांगणाऱ्या आम्हांस या प्रश्नावर उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे.

जेवण झाल्यावर आम्ही मुलांची फळी उपसली. शिवचरित्राचीं लहानमोठीं सहा पुस्तकें निघालीं. अकबर-बिरबलाच्या गोष्टी निघाल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’चा, मागचीं पुढचीं पानें गळालेला एक भाग निघाला. बस्स. म्हणजे आमच्या पुतण्यास आजवर मुसलमान म्हणून भेटले ते तीनच : कट्यार लपविणारा सरदार, बिरबलाकडून फजीत होणारा बादशहा आणि बाटलींतून निघणारा राक्षस. मित्राच्या वडिलांचें सायकली दुरुस्त करण्याचें दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पण तो गृहस्थ यांपैकीं कोणत्याही पुस्तकांत बसत नव्हता.

शिवचरित्र फळीवरून काढावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. 1659 सालचा प्रतापगडचा प्रसंग मुलांनीं वाचलाच पाहिजे, आणि तो वाचतांना अंगावर रोमांचही उभे राहिले पाहिजेत. परंतु त्याच महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता, ही गोष्ट आमच्या सहांपैकीं एकाच पुस्तकांत होती, आणि तीही अर्ध्या ओळींत.

कृष्णशास्त्र्यांच्या पुस्तकाविषयीं थोडें अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. 1861 पासून त्यांनीं या गोष्टी इंग्रजीवरून मराठींत आणण्यास आरंभ केला आणि तें काम पुढें चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं चालविलें. निबंधमालाकारांची लेखणी जिनांच्या व वजिरांच्या गोष्टींतही रमत होती, हें पाहून आजच्या गंभीर मंडळींनीं थोडा धडा घ्यावा. मराठी गद्य कसें ओघानें वाहावें याचा तो नमुना आहे, आणि पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांतील मुलें बगदाद, बसरा हीं नांवें प्रथम तेथेंच ऐकत आलीं. अडचण एवढीच कीं, मूल बगदादेस परीच्या गांवासारखें समजूं लागतें. त्यावर आमचा उपाय असा कीं, गोष्ट वाचतांना शेजारीं नकाशा उघडा असावा. हारून-अल्-रशीद हा 786 ते 809 पर्यंत खरोखर राज्य करणारा खलिफा होता, हें सांगावें. सिंदबादची सफर वाचून झाली कीं अल्-मसूदीची हकीकत सांगावी. हा अरब प्रवासी 916 च्या सुमारास आपल्या कोंकण किनाऱ्यावर, म्हणजे चौलास, येऊन गेला आणि तेथें बसरा, बगदाद व ओमान इकडून येऊन स्थायिक झालेल्या लोकांची मोठी वस्ती त्यानें लिहून ठेवली आहे. सिंदबादचीं जहाजें कल्पनेंतलीं असतील. बसऱ्याचीं जहाजें कल्पनेंतलीं नव्हतीं. आमच्या पुतण्यानें चौल नकाशावर शोधून काढलें, तेव्हां गोष्टीचा रंग उतरला नाहीं, उलट चढला.

याच गोष्टींचें संपूर्ण भाषांतर, बर्टनच्या इंग्रजीवरून केलेलें, गौरी देशपांडे यांनीं 1976-77 मध्यें सोळा खंडांत प्रसिद्ध केलें. काम अवाढव्य आणि भाषा जिवंत. पण मूळ ग्रंथ थोरांकरितां रचलेला आहे, हें ध्यानांत ठेवून ते खंड वरच्या फळीवर ठेवावेत. मुलें खुर्ची लावून काढतीलच, तो भाग निराळा.

इब्न बतूताचें नांव मात्र फार थोड्या घरांत ऐकूं येतें, याचें आम्हांस नवल वाटतें. मोरोक्कोंतील तांजिया शहराचा हा तरुण 1325 सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, यात्रेस म्हणून घरून निघाला आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें फिरतच राहिला. दिल्लीच्या महंमद तुघलकाच्या पदरीं तो काजी होता. दक्षिणेंत दौलताबादेवरून पुढें जातां जातां नंदुरबारास आला. तेथील मराठी लोकांविषयीं लिहितांना त्यांचें जेवण म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचें तेल, जीवहिंसेचा त्यांस तिटकारा, आणि जेवणापूर्वीं स्नान करण्याविषयीं ते फार कडक, असें त्यानें टिपलें आहे. हा मजकूर आम्ही मोठ्यानें सांगितला तेव्हां मातोश्री हंसून म्हणाल्या, “सातशें वर्षांपूर्वीं तो आपल्या सोंवळ्याची नोंद करून गेला, आणि आपण त्याचं नांवही विचारलं नाहीं!” मुलांसाठीं त्याच्या प्रवासाचें एक सुटसुटीत, चित्रांचें, मराठी पुस्तक घरोघर असावयास पाहिजे.

शब्दांचा खेळ हा आणखी एक मार्ग. माधवराव पटवर्धनांनीं, म्हणजेच माधव जूलियन यांनीं, 1925 सालीं ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला. तो जवळ नसला तरी चालेल. मुलांस एका संध्याकाळीं घरांतील अरबी शब्द धुंडाळावयास सांगावें. जिल्हा, तालुका, तहसील, वकील, कायदा, हिशेब, तारीख, किल्ला, अक्कल, साबण, हलवा, यांतील प्रत्येक शब्द अरबस्तानांतून, बहुधा इराणच्या वाटेनें, आपल्याकडे आला आहे. आमच्या वहिनींचें माहेर फडणिसांचें. ‘फर्द’ हा अरबी आणि ‘नवीस’ हा फारसी, असा तो जोड शब्द आहे, हें कळल्यावर त्या दोन दिवस आमच्याशीं जरा तुटक होत्या. खेळांतून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते : अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब, हें समीकरण खोटें आहे. इराणी लोक अरब नव्हत; कित्येक अरब ख्रिस्ती आहेत; आणि सर्वांत जास्त मुसलमानांचा देश अरबस्तानांत नसून पूर्वेकडील इंडोनेशिया आहे. मोठीं माणसेंही येथें सर्रास चुकतात.

आणि देणें एकेरी नव्हतें. पंचतंत्राच्या गोष्टी प्रथम सहाव्या शतकांत इराणच्या पहलवी भाषेंत गेल्या. आठव्या शतकांत इब्न-अल्-मुकफ्फा यानें त्या अरबींत उतरविल्या. तेथें करटक-दमनकांचें ‘कलीला व दिम्ना’ झालें, आणि त्याच वाटेनें ते दोन कोल्हे युरोपांत पोहोंचले. ब्रह्मगुप्ताचें ज्योतिषही खलिफा मन्सूरच्या काळीं बगदादेस गेलें. ज्यांस इंग्रज लोक अरबी आंकडे म्हणतात, त्यांस अरब लोक हिंदी आंकडे म्हणतात, हें ऐकून गणिताचा कंटाळा करणारा आमचा पुतण्याही क्षणभर ताठ बसला.

आतां आपल्या वर्ध्याकडे येऊं. या विषयांत आपला जिल्हा इतरांस शिकवील असा आहे, आणि शिकतांना मात्र मागें. 1937 सालीं येथें शिक्षण परिषद भरली आणि नव्या योजनेच्या समितीचे अध्यक्ष झाले झाकिर हुसेन. 1934 सालीं खान अब्दुल गफारखान येथें राहिले व त्यांची कन्या महिलाश्रमांत शिकली. सेवाग्रामच्या प्रार्थनेंत कुराणांतील वचनें नित्य म्हटलीं जात. 1942 सालीं निघालेल्या हिंदुस्तानी प्रचार सभेचा आग्रह नागरी व उर्दू, दोन्ही लिप्या मुलांस याव्यात, असा होता. विनोबांनीं तर अरबी शिकून मूळ कुराणाचा अनेक वर्षें अभ्यास केला आणि त्यांतील आयती निवडून, विषयवार लावून ‘कुराण-सार’ सिद्ध केलें. तें 1962 च्या सुमारास बाहेर आलें. ज्या घरांत ‘गीताई’ पाठ आहे, त्या घरांत त्याच हातचें हें पुस्तक बहुधा नसतें. तें मुलांचें पुस्तक नव्हे. परंतु मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्याची पाळी ज्यांवर येते, त्या वडील मंडळींनीं तें चाळलेलें बरें.

मुलांस वाचून दाखविण्याजोगें मराठी पुस्तक म्हणजे साने गुरुजींचें ‘इस्लामी संस्कृति’. ‘श्यामची आई’ची तीच ओली लेखणी येथें अरबस्तानच्या वाळूंतून आणि पैगंबरांच्या चरित्रांतून चालते. नांवांची दाटी झाली कीं मुलें जांभया देऊं लागतात, हें आम्ही अनुभवानें सांगतों. तेवढीं पानें वडिलांनीं आपल्या शब्दांत सांगून पुढें जावें. गुरुजींचा स्वभाव दोष दाखविण्याचा नसल्यानें इतिहासाची दुसरी बाजू पुष्कळदां झांकली जाते, हाही आक्षेप कोणी घेतल्यास आम्ही तो खोडून काढणार नाहीं. मोठ्या मुलांस मीना प्रभु यांचीं ‘इजिप्तायन’, ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ हीं प्रवासवर्णनें द्यावींत. आजचे तिकडचे रस्ते, घरें, बाजार व जेवण त्यांत आहे.

तथापि आमच्या घरीं ज्यानें खरें काम केलें तें यांपैकीं एकही पुस्तक नव्हे. ती प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही छोटी हिंदी गोष्ट. आईबापांवेगळा हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेस जातो. सोबती खेळणीं, मिठाई घेतात, आणि तो आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेऊन येतो. रात्रीं ओसरीवर ही गोष्ट वाचली. धर्माविषयीं तींत उपदेशाची एक ओळ नाहीं. ईद आहे, नमाज आहे, शेवया आहेत, पण आपल्या घरीं दिवाळी असावी तशा. वाचून संपल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, त्याची आजी पण त्यांच्याचकडे राहते.” ‘त्याची’ म्हणजे कोणाची, हें आम्ही विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं झाकिर हुसेनांची ‘अब्बूखांची बकरी’ वाचली. लांडग्याशीं रात्रभर झुंजणाऱ्या चांदणीसाठीं आमची पुतणी रडली, आणि अब्बूखां कोणत्या धर्माचा हें विचारण्याचें कोणासही सुचलें नाहीं.

पुतण्यानें ‘ईदगाह’चें पुस्तक दप्तरांत घालून शाळेंत नेलें. माफी कशी मागितली, मागितली कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. एवढें कळलें कीं मित्रानें गोष्ट आधींच वाचलेली होती आणि चिमटा घेणारा मुलगा खऱ्या जगांत सांपडणार नाहीं, असें त्याचें स्पष्ट मत पडलें. यावर दोघांचा वाद झाला. वाद झाला म्हणजे बोलणें सुरू झालें.

पुढच्या रविवारीं तो मुलगा आमच्या घरीं आला. बोलतां बोलतां गिरडचा विषय निघाला. समुद्रपूर तालुक्यांतील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदु-मुसलमान दोघेही तेथें नवस बोलतात. टेकडीवर वाटोळे दगड विखुरलेले आहेत; फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचे नारळ शापानें दगड झाले, अशी कथा लोक सांगतात. भूस्तरशास्त्र त्यांस निराळें नांव देतें. आर्वीच्या तेलंगरायाविषयींही असेंच आहे : त्या समाधीस दोन्ही समाज मानतात. आष्टीस नियाझी सरदारांच्या मोंगली थाटाच्या देखण्या कबरी आहेत. आम्ही एवढीं वर्षें जिल्ह्यांत राहून मुलांस यांपैकीं एकही ठिकाण दाखविलें नव्हतें; तो दहा वर्षांचा मुलगा गिरडास दोनदां जाऊन आलेला होता. त्याच्याकडे तसला एक दगड होता. मंगळवारीं तो पुतण्यानें आणला, आणि सध्यां तो कृष्णशास्त्र्यांच्या फाटक्या भागाशेजारीं, मुलांच्या फळीवर आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं कृष्णशास्त्र्यांच्या या ग्रंथाची जुनी, पुरी प्रत असेल, किंवा मुलांनीं स्वतः वाचावें असें इब्न बतूताच्या प्रवासाचें मराठी पुस्तक पाहण्यांत असेल, त्यांनीं पुस्तकाचें नांव, प्रकाशक व किंमत आम्हांस अवश्य कळवावी. आष्टीची सहल दिवाळीच्या सुटींत ठरली आहे. दोन्ही घरचीं मुलें आहेत, तेव्हां गाडींत जागा उरणार नाहीं.