आरोग्याच्या गप्पा : ‘पोट साफ होते ना?’



आपल्या घरांत हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबरच निघतो. त्याची चर्चा मोकळेपणाने होते आणि उपायही लगेच सुचवले जातात. पण तोच प्रश्न इथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारला, की आपण ‘नो प्रॉब्लेम’ म्हणून मोकळे होतो. मनातला हिशेब असा, की रात्री इसबगोल किंवा त्रिफळा घेतल्यावर होते ना, मग बद्धकोष्ठ कुठले? एरवी हे उत्तर खपून जाते. कोलोनोस्कोपी ठरली असेल तर मात्र ते महागात पडू शकते.

अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीची तपासणी ५० ऐवजी ४५व्या वर्षापासून सुरू करावी, अशी शिफारस २०२१ साली झाली. म्हणजे आपल्यातले बरेच जण आता या यादीत आले. कोलोनोस्कोपीत आतड्यातल्या लहान गाठी, म्हणजे पॉलिप, दिसतात आणि तिथल्या तिथे काढताही येतात. त्यांतल्या काही पुढे अनेक वर्षांनी कॅन्सरचे रूप घेऊ शकतात. आतडे नीट धुतले गेले नसेल तर त्या नजरेतून सुटतात, किंवा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. बद्धकोष्ठ असलेल्यांना नेहमीचे औषध पुष्कळदा कमी पडते. डॉक्टर त्यांना जास्त मात्रा देतात किंवा काही दिवस आधीपासून सारक सुरू करतात. पण त्यांना ते कळायला तर हवे!

आता औषधांकडे वळू. जुन्या पद्धतीत पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि क्षार यांचे चार लिटर पाणी प्यायचे असते. हे औषध आतड्यात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाणी धरून ठेवते आणि सगळे धुऊन काढते. क्षारांचे प्रमाण जुळवलेले असल्यामुळे मूत्रपिंड किंवा हृदय नाजूक असलेल्यांना बहुधा हेच दिले जाते. तक्रार एकच : चार लिटर!

म्हणून कमी पाण्याची औषधे आली. सुप्रेपच्या दोन लहान बाटल्या असतात, तर सुटॅबच्या २४ गोळ्या, बारा-बारा करून घ्यायच्या. दोन्हींत सल्फेटचे क्षार आहेत. ते शरीरातले पाणी आतड्यात ओढतात, त्यामुळे वर सांगितलेले साधे पाणी पूर्ण प्यावेच लागते. गोळ्या म्हणजे पाण्यातून सुटका नव्हे. क्लेनपिक चवीला सोपे, पण त्यात मॅग्नेशियम असते आणि मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते चालत नाही. फॉस्फेटच्या औषधांनी काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याने २००८ साली एफडीएने कडक इशारा दिला. तेव्हा चुलतभावाला अमुक औषध मानवले, एवढ्यावर आपले औषध ठरवू नये.

मिरालॅक्स बहुतेकांच्या ओळखीचे असते. बद्धकोष्ठासाठी त्याची रोजची मात्रा १७ ग्रॅम. कोलोनोस्कोपीसाठी अनेक डॉक्टर २३८ ग्रॅमची अख्खी बाटली ६४ औंस गेटोरेडमध्ये मिसळून प्यायला सांगतात. म्हणजे चौदा दिवसांचे औषध एका तयारीत! पावडर तीच, काम वेगळे. म्हणून हा प्रयोग डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय करू नये, आणि मधुमेह असेल तर गेटोरेडमधल्या साखरेबद्दल आधी विचारावे.

मग आपले इसबगोल? बद्धकोष्ठावर ते चांगलेच आहे, भरपूर पाणी प्यायले तर. पण ते मळ वाढवून काम करते, म्हणून तपासणीच्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात. सोनामुखी आतड्याला हालचाल करायला लावते, एरंडेलही तसेच. एकट्या त्यांच्या भरवशावर मात्र कोलोनोस्कोपीला जाऊ नये.

आदल्या दिवशीचा उपास हा आपला उपास नव्हे, हे मुद्दाम सांगतो. साबुदाण्याची खिचडी नाही, शेंगदाणे नाहीत, दूधही नाही. ज्यातून आरपार दिसते तेच प्यायचे : बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत. कोकम सरबत नको, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की यादीतल्या जेलोमध्ये जिलेटिन असते आणि सूप बहुधा चिकनचे असते. भाज्यांचे गाळलेले सूप चालते.

औषध कोणतेही असो, ते दोन भागांत घेतल्याने आतडे जास्त स्वच्छ होते : अर्धे आदल्या संध्याकाळी, उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचे. सकाळची वेळ मिळाली तर पहाटे तीनला उठावे लागेल. कंटाळा करून सगळे रात्रीच उरकू नये. औषध थंड करून, स्ट्रॉने प्यायले की सुसह्य होते.

मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्यांचे काय करायचे ते आठवडाभर आधी विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने काही बंद करू नये.

तपासणीत गुंगीचे औषध देतात, त्यामुळे घरी न्यायला कोणीतरी लागते. आपल्यातले जे एकटे राहतात त्यांनी या कारणासाठी तपासणी टाळू नये. मंडळात कोणालाही हाक मारावी. एअरपोर्टला सोडायला आपण पहाटे उठतोच की!

आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे : ‘मी रोज इसबगोल घेतो, त्याशिवाय मला होत नाही.’ यात लाजण्यासारखे काहीच नाही.