येणार आहे म्हणे!

मराठीत ‘म्हणे’ हा एक फार उपकारक शब्द आहे. वाक्याच्या शेपटीला तो बांधून दिला की बोलणारा मोकळा होतो. ‘दिवाळीनंतर बदल्या निघणार आहेत म्हणे’, ‘यंदा उसाला बरा भाव मिळणार म्हणे’, ‘पलीकडच्या आळीतल्या मुलीचे जमले म्हणे’. कोण म्हणे, केव्हा म्हणे, कशावरून म्हणे, हे विचारायचे नसते. विचारले तर गप्पांचा सारा रंगच जातो. मी मराठीचा प्राध्यापक. वर्षातून निदान अर्धा तास तरी मी वर्गात या शब्दाचे गुणगान करतो. परंतु या शब्दावर माणसे वर्षानुवर्षे काढू शकतात, हे मला पुस्तकांनी शिकवले नाही. ते मोटारगाड्यांनी शिकवले.

झाले ते असे. 2025 च्या पावसाळ्यात एके दिवशी तास संपला आणि माझा एक विद्यार्थी टेबलापाशी आला. चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटले याला कुठे नोकरी लागली.

“सर, सेलिका येणार आहे म्हणे!”

“असे? कुठून येणार? मुक्काम किती दिवस?” मी विचारले. महाविद्यालयात परदेशी पाहुणी येणार म्हटले की स्वागतपर चार शब्द लिहून देण्याचे काम मराठी विभागाकडे येते, हा माझा अनुभव.

तो पोट धरधरून हसला. “सर, गाडी आहे ती! टोयोटाची. स्पोर्ट्‌स कार!”

मग पुढची दहा मिनिटे तो गुरू आणि मी शिष्य. टोयोटाच्या घरी म्हणे तीन भावंडे होती : सुप्रा, सेलिका आणि एमआर-टू. सुप्रा 2002 साली थांबली, 1970 पासून निघणारी सेलिका 2006 साली थांबली, आणि 1984 साली जन्मलेल्या एमआर-टूने 2007 साली निरोप घेतला. घर ओस पडले. पण 2019 साली सुप्रा परत आली. तेव्हापासून, एक आली तर बाकीच्या दोघी का येणार नाहीत, असा जगभरच्या मोटारवेड्यांचा बिनतोड सवाल आहे. त्यात 2024 च्या नोव्हेंबरात, जपानमधल्या मोटारशर्यतीच्या वेळी, कंपनीचा एक बडा अधिकारी ‘सेलिका आम्ही करतो आहोत’ अशा अर्थाचे एक वाक्य बोलून गेला. झाले! इंजिन कुठले बसवतील, किती अश्वशक्तीचे बसवतील, छप्पर उघडणारे असेल की बंद, यावर तर्कांचा नुसता पाऊस.

हा विद्यार्थी बेलापूरहून श्रीरामपूरला एस. टी. ने येतो. घरी दोन गाई आहेत आणि थोरल्या भावाची एक मोटारसायकल आहे. सेलिका आली तरी ती आपल्या दारात येणार नाही, हे त्याला माझ्याहून चांगले कळत होते.

“मग तुला रे काय त्याचे?” मी विचारले.

“काही नाही, सर. पण येणार आहे म्हणे!”

रात्री जेवताना मी हा किस्सा घरात सांगितला. आमच्या सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता एकच प्रश्न विचारला, “बसायला किती जणांना जागा?” मी म्हटले, “असल्या गाड्यांत ऐसपैस बसायला दोघांना.” त्यावर तिने “मग अण्णांनी काय टपावर बसायचे?” असे म्हणून सेलिकेचा विषय निकालात काढला. स्पोर्ट्‌स कार महाराष्ट्रात का रुजली नाही याची मोठमोठी आर्थिक कारणे असतील. परंतु मला वाटते, खरे कारण आमटीच्या त्या वाटीपाशीच होते. आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे प्रथम माणसे मोजायची, मग त्यांत आत्याबाई मिळवायच्या, आणि मग गाडी पाहायला जायचे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आपल्या टाटांनीच 2017 च्या मार्च महिन्यात जिनीव्हाच्या प्रदर्शनात ‘रेसमो’ नावाची दोन माणसांची एक देखणी गाडी मांडली होती. इंजिन एवढेसे, बाराशे सीसीचे. पण शंभराचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठील असे सांगत. तिच्यावरही पुष्कळ ‘म्हणे’ झाले. पुढे खर्चाचा मेळ बसेना आणि गाडी रस्त्यावर आलीच नाही.

हे सगळे चालले असता अण्णा, म्हणजे माझे वडील, भात कालवत मुकाट्याने ऐकत होते. हात धुवायला उठताना ते सहज म्हणाले, “आपली सिएरासुद्धा येतेय म्हणे.”

‘आपली’! आमच्या घरात सिएरा कधीही नव्हती. होते ते तिचे एक चित्र.

1991 साली पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने, टाटा सिएरा काढली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि अण्णा एका साखर कारखान्यात हिशेबनीस होते. मालट्रकसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने घरगुती माणसाला घेता येईल अशी गाडी करावी, याचेच तेव्हा अप्रूप. ‘घेता येईल’ हा शब्द कंपनीच्या बाजूने. अण्णांच्या कित्येक वर्षांचा पगार एकत्र केला तरी ती येण्यासारखी नव्हती. दोन दारे, उंच बांधा, आणि मागच्या बाजूला छपरापर्यंत वळत गेलेली मोठी काच. अण्णांनी वर्तमानपत्रातले तिचे चित्र कापून विम्याच्या पावत्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले. हिशेबनिसाच्या पेटीतला तो एकच कागद असा, की ज्यावर आकडा नव्हता.

आईने ते चित्र पाहिले तेव्हाचा संवाद मला अजून आठवतो.

“मागच्या बाकावर जायला दार कुठे आहे?”

“पुढची खुर्ची वाकवायची आणि आत शिरायचे,” अण्णा म्हणाले.

“नऊवारी नेसून? मी नाही बाई! पाच दारांची निघेल तेव्हा सांगा.”

झाले, चित्र पुन्हा पेटीत गेले. दारी स्कूटर होती, आणि ती मिळायलाच किती वर्षे गेली होती! त्या काळी बजाजची चेतक हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलगा बालवर्गात असताना नाव नोंदवावे आणि त्याला शाळेत सोडायला स्कूटर यावी ती तो चौथीत गेल्यावर, असा मामला. वाट पाहण्याची कला आमच्या वडिलांच्या पिढीला अशी नाव नोंदवून शिकावी लागली. पुढे माझे शिक्षण आले, पुण्यातले वसतिगृह आले, एम. ए. आले. सिएरा बंद पडली. आमच्याकडे कोणी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली नाही.

पण 2020 च्या फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या मोटार-प्रदर्शनात टाटांनी सिएरा या नावाचा एक नवा नमुना ठेवला, आणि पेटी पुन्हा उघडली. 2023 च्या जानेवारीत दुसरा नमुना आला, तो पाच दारांचा. 2025 च्या जानेवारीत तिसरा. दरम्यान ‘म्हणे’चा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू होता. चाचणीच्या गाड्या अंगभर काळ्यापांढऱ्या नक्षीची झूल पांघरून रस्त्यावर फिरतात. त्या नक्षीमुळे डोळा फसतो आणि गाडीच्या कडा नेमक्या कुठे वळल्या आहेत ते कळत नाही. आता सारा मोटारधंदा पुण्याकडे, आणि वाहनांच्या चाचणीचे मार्ग असलेली लष्करी संशोधनसंस्था आमच्या नगरलाच. तेव्हा ‘मी डोळ्यांनी पाहिली’ म्हणणाऱ्यांचा आमच्याकडे काय तोटा? अण्णा दूधवाल्यापासून केशकर्तनालयापर्यंत सर्वांच्या साक्षी नोंदवून घेत आणि रात्री मला निकाल सांगत. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. मला त्या गाडीचे उपकार वाटू लागले.

एकदा मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी त्यांना म्हटले, “अण्णा, ही ती सिएरा नव्हे. फक्त नाव तेवढे ते.”

मी त्यांना सुप्राचा दाखला दिला. परत आलेली सुप्रा नावाने जपानी. पण तिचे इंजिन जर्मनांच्या बीएमडब्ल्यूचे, आणि ती तयार झाली ऑस्ट्रियात! चेतकचेही तसेच. 2020 च्या जानेवारीत पुण्यात आणि बंगळूरला ती पुन्हा विकायला आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे तेच, परंतु पोटात पेट्रोलऐवजी बॅटरी. जावा मोटारसायकल 2018 साली परतली, तिच्यामागून 2022 साली येझदी. त्यांचेही सांगाडे नवे, धनी नवे. कंपन्यांचा हिशेब सरळ आहे. नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला अमाप पैसा आणि काळ लागतो. जुने नाव आधीच घराघरांत जाऊन बसलेले असते. त्या नावापायी लोकांनी केलेली हळहळ हे कंपनीचे बिनव्याजी भांडवल.

अण्णांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “आपण राहतो कुठे?”

“बेलापूरला.”

“बेलापूर स्टेशन कुठे आहे?”

मी निरुत्तर झालो. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की दौंड-मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ अशी पाटी असलेले स्टेशन आमच्या प्रवराकाठच्या बेलापुरात नाहीच. ते काही किलोमीटर दूर श्रीरामपुरात आहे. 1878 साली हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा या बाजूला नाव घेण्यासारखे गाव बेलापूर. पुढे स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढले, पण पाटीवर नाव राहिले आमचे. एखादा नवखा पाहुणा त्या पाटीवर विसंबून उतरतो आणि रिक्षावाल्याला “बेलापूरला चल” म्हणतो. आता तर नव्या मुंबईतही एक बेलापूर आहे. त्याच्या गाडीत बसून आमचे पाहुणे भलतीकडेच जातात.

“आणि तरीसुद्धा,” अण्णा म्हणाले, “मुंबईहून परत येताना ती पाटी दिसली की तू उठून पिशव्या काढतोसच ना? नाव खोटे असेल, पण घर जवळ आले हे तर खरे असते.”

यावर एम. ए. च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

2025 च्या नोव्हेंबरच्या 25 तारखेला सिएरा एकदाची आली. किंमत साडेअकरा लाखांच्या आसपास सुरू होत होती. संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी अण्णांना नगरला गाडी पाहायला घेऊन गेलो. विकत घ्यायची नव्हती. तसे आम्ही कोणी बोललो नाही, पण दोघांनाही माहीत होते. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्या खिशात ते चित्र होते, घडीवर पिवळे पडलेले.

विक्रीदालनातला तरुण मुलगा मोठा सौजन्यशील. त्याने पडदे दाखवले, दिवे दाखवले, एक कळ दाबून काय काय होते ते दाखवले. अण्णा फक्त मागे गेले. जुन्या गाडीची काच छपरापर्यंत वळत जाई. नव्या गाडीत तसा भास काळ्या रंगाने आणि मोठ्या काचांनी साधला आहे. जिथे काच वळायला हवी होती तिथे त्यांनी तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. त्यांच्या 44 व्या वर्षी त्यांनी ते चित्र कापले होते. मी त्या दिवशी नेमका तेवढ्याच वयाचा होतो, आणि माझ्या पेटीत कोणते चित्र आहे ते मला आठवेना.

मग त्यांनी मागचे दार उघडले. ते चांगले रुंद उघडले. पायरी फार उंच नव्हती. अण्णांनी आत वाकून बाक पाहिला, दार पुन्हा लावले, पुन्हा उघडले.

“पाच दारे आहेत,” ते म्हणाले. “आता तिला बसता आले असते.”

त्या मुलाला वाटले, आजीबाई बाहेर थांबल्या आहेत. तो मोठ्या आदराने म्हणाला, “बोलवा ना त्यांना, आजोबा. बसून बघू देत.”

अण्णा त्याच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “राहू दे. तिला घाई नाही.”

परतीच्या वाटेवर एस. टी. त फारसे बोलणे झाले नाही. राहुरी मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊसतोड चालली होती, गाड्या भरून चालल्या होत्या. मी मनाशी म्हटले, संपले हे एकदाचे. चौतीस वर्षांचे येणे उरकले. आता उद्यापासून हा माणूस संध्याकाळी कशाबद्दल बोलणार? वाट पाहायचे काही उरले नाही की म्हाताऱ्या माणसाचा दिवस किती लांब होतो, ते मी आई गेल्यानंतरच्या दोन वर्षांत पाहिले होते. त्यांना नेले हीच माझी चूक झाली, असे मला वाटू लागले.

अण्णांनी खिशातून चित्र काढले, नीट घडी घातली आणि परत ठेवले. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून, आवाज थोडा खाली आणून, त्यांनी विचारले,

“तुझा तो विद्यार्थी काय म्हणत होता रे? ती दुसरी... सेलिका. तीही येणार आहे म्हणे?”

“हो, अण्णा,” मी म्हटले, “येणार आहे म्हणे!”