शिआनची मशीद आणि मीनाराचा हट्ट

"तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?" मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा प्रश्न नेहमीचाच. विचारणारे कौतुकानेच विचारतात. पण त्यामागे एक ठाम समज असतो: मुसलमान म्हणजे उर्दू, आणि मशीद म्हणजे घुमट व मीनार. गंमत अशी की आपल्या समाजातही अनेकांचा समज हाच आहे. तो तपासून पाहायचा असेल, तर चीनमधल्या शिआन शहराइतकी चांगली जागा मी पाहिलेली नाही.

शिआन म्हणजे जुनं चांगआन. तांग राजवटीची राजधानी आणि रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. बहुतेक पर्यटक तिथे मातीच्या सैनिकांचं लष्कर बघायला जातात. १९७४ मध्ये विहीर खोदताना शेतकऱ्यांना ते सापडलं. आम्हीही पाहिलं. पण मला मराठी माणूस म्हणून ओढ होती ती मोठ्या हंस पॅगोड्याची. ह्युएन त्संग भारतातून ६४५ मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन परतला. ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये दा त्सि-एन विहारात हा पॅगोडा उभा राहिला. आज तो सात मजली आहे, उंची सुमारे ६४ मीटर. याच ह्युएन त्संगाने महाराष्ट्र पाहिला आणि पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहिलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशी त्याची नोंद आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसांची ही ओळख एका चिनी भिक्खूने जपली, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं.

तिथून शहराच्या मध्यभागी यायचं. १३८० मध्ये बांधलेला नगारा मनोरा ओलांडला की हुई मुसलमानांचा मोहल्ला सुरू होतो. मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून खाणारी माणसं दिसली की भाकरी कुस्करणाऱ्याला परकं वाटत नाही. त्याच मोहल्ल्यातल्या एका बोळात शिआनची मोठी मशीद आहे. तिथल्या शिलालेखात स्थापनेचं वर्ष ७४२ दिलं आहे. आजचं मुख्य बांधकाम मात्र मिंग काळातलं, १३९२ च्या सुमाराचं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा वाटतं, आपण एखाद्या चिनी मंदिरातच आलो. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, टोकं वर वळलेली निळसर कौलांची छपरं. घुमट नाही. अजानच्या मीनाराच्या जागी एक अष्टकोनी लाकडी मनोरा आहे. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'अंतःकरण तपासण्याचा मनोरा'. चिनी मंदिरं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात. ही मशीद मात्र पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, कारण तिथून किब्ला पश्चिमेला. बाकी सगळं चीनचं आणि दिशा मक्केची. मला वाटतं, धर्म आणि संस्कृती यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने सांगणारं पाठ्यपुस्तक मिळणं कठीण.

भाषाशिक्षकाला आणखी एक गोष्ट सुखावते. चिनी भाषेत बौद्ध विहाराला जो 'स्स' शब्द लावतात, तोच मशिदीलाही. मशीद म्हणजे 'छिंगचन स्स', निर्मळ आणि सत्य असं स्थान. एकाच शब्दाने दोन्ही प्रार्थनास्थळं सांगता येतात आणि कुणाचा ईमान त्यामुळे डळमळला नाही. हुई मुसलमानांनी एके काळी चिनी भाषा अरबी अक्षरांतही लिहिली. लिपी कुठलीही असो, बोली मातीचीच होती.

इथे दोन माणसं मला अडवतील हे मी जाणतो. एक म्हणेल, "बघा, चीनचे मुसलमान कसे मिसळून गेले, तुम्हीही तसंच करा." दुसरा म्हणेल, "ही कसली मशीद? ही तर बिदअत."

पहिल्याला माझं उत्तर असं. शिआनची मशीद तिथल्या मुसलमानांनी आपल्या हौसेने, आपल्या कारागिरांच्या हाताने घडवली. अलीकडच्या काळात युनान प्रांतातल्या शादियान आणि नाजियायिंगच्या मशिदींचे घुमट सरकारने उतरवले आणि जागी चिनी धर्तीची छपरं चढवली. २०२३ मध्ये नाजियायिंगचे लोक त्याविरुद्ध रस्त्यावर आले. शिनजियांगमधल्या उइगुरांवरच्या अत्याचारांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२२ चा अहवाल जगापुढे आहे. दोन्हीकडे छपरं सारखीच दिसतील, पण एक छप्पर प्रेमाने चढलं आणि दुसरं हुकुमाने. जो फरक या दोन छपरांत आहे, तोच आपल्या आईच्या भाषेत बोलणं आणि देशभक्तीचा पुरावा म्हणून बोलायला लावणं यात आहे.

दुसऱ्याला विचारावंसं वाटतं: घुमट कुराणात कुठे सांगितला आहे? घुमट इस्लामच्या आधीपासून रोमन आणि इराणी इमारतींवर होता. मदिनेतल्या पहिल्या मशिदीचं छप्पर खजुराच्या फांद्यांचं होतं. मशिदीला लागते स्वच्छ जागा, सफ आणि किब्ला. बाकी प्रत्येक मुलुखाने आपापलं दिलं.

कोकणाने कौलं दिली. उतरत्या छपराच्या, लाकडी खांबांच्या जुन्या मशिदी तिथल्या पावसाला ओळखतात. त्या पाडून काँक्रीटचे घुमट उभारण्याची घाई अनेक गावांत दिसते. वर्गणी जमवणाऱ्यांची नियत चांगलीच असते. नमाजी वाढले तर जागाही वाढवावी लागते. पण पहिली कुदळ मारण्याआधी जमातीने एवढं करावं: जुन्या इमारतीचे फोटो आणि मोजमाप घ्यावं, जुन्या वास्तूंच्या जाणकाराला दाखवावं, आणि दुरुस्तीचा खर्च किती येईल ते विचारावं. आपण या मातीतले आहोत हे सांगायला भाषणं करावी लागतात, लेख लिहावे लागतात. ती कौलं हेच काम कित्येक पावसाळे मुकाट्याने करत आली आहेत. त्यांना आपल्याच हाताने उतरवायचं का, हे ज्या त्या जमातीने ठरवावं. माझं मत विचाराल तर, उतरवू नये.