कथेतली आग आणि कोपीपुढची चूल

कथेत आग आली की तिचा अर्थ लावायची आपल्याला फार घाई होते. ज्वाळा म्हणजे संताप, राख म्हणजे शेवट, दिवा म्हणजे आशा. हे अर्थ वर्गात तयारच मिळतात आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतात. चांगल्या कथेत मात्र आग आधी आपलं काम करते, अर्थ त्या कामातून येतो.

प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मधला हल्कू थंडीनं गारठून आमराईतला पालापाचोळा पेटवतो. उबेनं अंग सैलावतं, उठवत नाही, आणि तिकडे नीलगाई शेत फस्त करतात. सकाळी त्याला पिकापेक्षा राखण सुटल्याचंच बरं वाटतं. जीव वाचवणारी शेकोटीच पीक घालवते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत आग विझल्यावर गोष्ट पेट घेते. खाण बंद पडून बेकार झालेल्या भीमाला चितेच्या राखेत सोनं सापडतं. इतरांसाठी जिथं सगळं संपलं, तिथं त्याची रोजी सुरू होते.

कथेबाहेर, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या जगण्यात तर आगीला कामांची कमतरता नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. उसाच्या फडाजवळच्या तळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. भल्या पहाटे बाई तीन दगडांच्या चुलीत पाचट सारते. पाचट भुर्रकन पेटतं, पण त्याचा निखारा राहत नाही, आणि भाकरी फुगायला निखाराच लागतो. म्हणून सरपण शोधणं आलं, तेही दिवसभर मोळ्या वाहून झाल्यावर. ज्या चुलीवर लेकरांची भाकरी होते, तिची एक ठिणगी उडाली तर पाचटाची कोपी घटकेत जाते. इतकं जवळ शिजणं आणि जळणं क्वचितच येतं.

फडातली आग याहून गुंतागुंतीची. जळालेल्या उसाचं पाचट सोलावं लागत नाही, म्हणून तोडणाऱ्याचे श्रम वाचतात. अंग मात्र काजळीनं माखतं. शेतकऱ्याच्या उसाचं वजन घटतं, भावातही कपात होते. एकाच आगीत एकाची सोय आणि दुसऱ्याचं नुकसान, आणि दोघंही कर्जात! अशा आगीला ‘संताप’ म्हणून मोकळं होता येत नाही.

आग राजकीयही असते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या विरोधात मराठवाड्यातल्या दलितांची घरं जाळली गेली. ज्वाळा सारख्याच दिसतात. काडी कोणी ओढली आणि जळलं कोणाचं, हे लेखकानं दाखवलं नाही तर दोन्ही आगींचा अर्थ पुसला जातो.

उलट, धग दाखवायला आग लागतेच असं नाही. बीडशेजारच्या कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये भाव पडलेल्या टोमॅटोंचा बाजारातच चिखल होतो. एकही ज्वाळा नसताना ती कथा वाचणाऱ्याला पोळते.

बीड जिल्ह्यातल्या नव्या कथाकारांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे. ‘अंतरीचा वणवा’ थोडा बाजूला ठेवा. तळावरच्या चुलीपाशी बसा, सरपण कुठून आलं ते विचारा, आणि मग लिहा.